पिल्लांचे आंबोण



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून श्रोत्यांपैकी काहींच्या ओठांवर हसू उमटले असेल, तर आम्हाला त्याचे नवल वाटणार नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून या नावाच्या व्यासपीठांवर धर्म, समाज, अर्थकारण, वाङ्मय, विज्ञान असे भारदस्त विषय बोलले गेले. त्या रांगेत कोंबडीच्या पिल्लांच्या खाण्याने येऊन उभे राहावे, हे प्रथमदर्शनी विजोड दिसते खरे. परंतु व्याख्यानमाला ही जर लोकांना जगायला उपयोगी पडणारे ज्ञान घरपोच करण्याची सोय असेल, तर ज्या ज्ञानावाचून दर वर्षी घराघरांतली पिल्ले मरतात ते ज्ञान या व्यासपीठाला परके कसे? विषय लहान आहे, हे आम्हाला मान्य. पण तो हलका नाही.

विषयाला आपल्या काशीगावाचीच पार्श्वभूमी घेऊ. एका अंगाला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दुसऱ्या अंगाला भाईंदरची खाडी आणि मिठागरे, मधून अहमदाबादकडे जाणारा हमरस्ता आणि त्याला येऊन मिळणारा घोडबंदरचा रस्ता, अशा चौकात हे गाव वसले आहे. 1985 साली मिरा-भाईंदरची नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका झाली, आणि भाताच्या खाचरांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. तरीही गावठाणातल्या जुन्या घरांच्या मागे, ख्रिस्ती कुटुंबांच्या वाड्यांत, डोंगरालगतच्या आदिवासी पाड्यांत खुराडे अजून दिसते. इमारतीत राहायला गेलेल्यांपैकीही ज्यांना तळमजल्याला चार हात मोकळी जागा मिळाली, त्यांतले काहीजण हौसेने पाच-दहा कोंबड्या पाळतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, तसेच गावाचे शहर झाले म्हणून गावपण झाकून राहत नाही.

या खुराड्याचा हिशेब बहुधा घरातल्या बाईच्या हाती असतो. अंड्यांचे पैसे, सणाला विकलेल्या कोंबड्याचे पैसे, हे तिचे स्वतःचे असतात. मुलाची वही, सासूचे औषध, जावेच्या बाळंतपणाची भेट ही त्या पैशांतून निघते आणि त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवावीत, दहा पिल्ले निघावीत आणि महिन्याभरात चारच उरावीत, हा अनुभव ज्या घरात वर्षानुवर्षे येतो तिथे केवळ सहा पिल्ले जात नाहीत. एका बाईच्या हातातली मोकळीक जाते. पिल्ले घार नेते, मुंगूस नेते, मांजर नेते, हे खरेच. पण डोळ्यांना न दिसणारे चोर त्याहून पुष्कळ नेतात: थंडी, ओल, निकस खाणे आणि पोटाचे रोग. यांपैकी खाण्याचा भाग आज आम्ही हाती घेतला आहे.

अलीकडे काही वर्षे असा सल्ला सर्रास ऐकू येतो की, पिल्लांना कोरडे खाद्य देऊ नका, ते पाण्यात आंबवून द्या. मग पिल्ले झपाट्याने वाढतात, आजारी पडत नाहीत आणि खाद्यही कमी लागते. कोणी तर पुढे जाऊन सांगतात की, एकदा आंबवलेले खाद्य सुरू केले की लसही टोचायला नको! या सल्ल्यात खरे किती, अर्धे किती आणि घातक किती, याची निवड करणे हे आजच्या बोलण्याचे काम आहे.

आंबवणे ही क्रिया आपल्याला नवी नाही. ज्या घरात रात्री दुधाला विरजण लागते, डोशाचे पीठ भांड्याबाहेर येते, उन्हाळ्यात नाचणीची आंबील होते, त्या घराला आंबवणे कोणी शिकवायला नको. आपल्या याच पट्ट्यातली ईस्ट इंडियन घरे लग्नकार्यात फुगे तळतात. त्यांचे पीठ ताडीने फुगवण्याची जुनी चाल आहे. आणि जनावरांच्या बाबतीत तर आपल्या भाषेने एक खास शब्दच राखून ठेवला आहे. दुभत्या गाईपुढे पेंड, कोंडा, चुणी भिजवून जे ठेवतात त्याला आपण ‘आंबोण’ म्हणतो. गाईला आंबोण देणारा शेतकरी कोंबडीला मात्र मूठभर कणी फेकतो आणि ‘जा, उकरून खा’ म्हणतो. आज आम्ही जे सांगणार आहोत ते एका अर्थाने एवढेच, की पिल्लांनाही त्यांचे आंबोण असावे. मात्र ते पिल्लाच्या पोटाच्या मापाचे असावे.

दूध विरजते ते का, याचे शास्त्रीय उत्तर लुई पाश्चरने 1857 साली दिले. आंबट होणे म्हणजे आपोआप घडणारे सडणे नव्हे, तर सूक्ष्म जीव साखरेचे आम्ल करतात म्हणून ते घडते, असे त्याने दाखवले. योगायोग असा की, याच पाश्चरने पुढे 1880 च्या सुमारास कोंबड्यांच्या पटकी रोगाचे जंतू वाढवता वाढवता ते निर्बल करण्याची युक्ती शोधली आणि प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या लशींचा रस्ता मोकळा केला. म्हणजे खाद्य आंबवणे आणि कोंबडीला लस देणे या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी एकच माणूस उभा आहे. ज्याने दोन्ही दिल्या, त्याच्या एका देणगीचे नाव घेऊन दुसरी नाकारणे कितपत शहाणपणाचे, ते श्रोत्यांनीच ठरवावे.

आता भरड्यात पाणी घातल्यावर काय घडते ते पाहू. धान्याच्या कणांवर अनेक जातींचे जंतू आधीच बसलेले असतात. ओल मिळताच सगळेच वाढू लागतात. परंतु पाण्याखाली, हवेचा फारसा शिरकाव नसताना, दुधाचे दही करणाऱ्या जातीचे जंतू इतरांना मागे टाकतात. ते धान्यातली साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात. खाद्याचा आंबटपणा ताकाच्या जवळपास येऊन पोचला की रोगकारक जंतूंपैकी बहुतेकांना तिथे वाढणे कठीण होते. शिवाय धान्यात आणि कोंड्यात जो फॉस्फरस असतो, त्याचा मोठा भाग अशा रूपात कुलूपबंद असतो की कोंबडीच्या पोटाला तो उघडता येत नाही. धान्य भिजून आंबले म्हणजे त्यातलेच काही पाचक पदार्थ जागे होतात आणि ते कुलूप थोडेफार उघडतात. आणि तिसरी गोष्ट अगदी साधी: कोरड्या भरड्यातली बारीक धूळ पिल्लू टाकून देते, उधळते. ओला भरडा उधळला जात नाही. तळची पूडही पोटात जाते. खाद्य ‘कमी लागते’ असे जे म्हणतात त्यातला बराच वाटा या न सांडण्याचा असतो, चमत्काराचा नव्हे.

याला परदेशातल्या प्रयोगांचा आधार आहे. हॉलंडमध्ये झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आंबवलेले ओले खाद्य खाणाऱ्या पिल्लांना साल्मोनेला या जंतूची लागण कोरडे खाणाऱ्यांपेक्षा कमी सहजतेने झाली. कारण असे की, पिल्लाच्या गळ्यातल्या अन्नाच्या पिशवीतच आंबट वातावरण तयार होते आणि जंतूला पहिल्याच वेशीवर अडवले जाते. पण नाण्याची दुसरी बाजूही श्रोत्यांपुढे ठेवली पाहिजे. डेन्मार्कमध्ये अंड्यावरच्या कोंबड्यांवर झालेल्या आणि 2009 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अंडी वजनदार झाली, पण आंबवलेले खाद्य सुरू करताच कोंबड्या एकमेकींना अधिक टोचू लागल्या आणि त्यांची पिसे विस्कटली. त्यातून घ्यायचा बोध हा, की खाण्यातला बदल एका दिवसात करू नये, तो हळूहळू अंगवळणी पाडावा.

इथवर आंबवण्याची स्तुती झाली. आता तिची मर्यादा सांगतो. आंबवणे असलेले खाद्य सुधारते. नसलेले खाद्य निर्माण करीत नाही. कणीच आंबवली तर आंबट कणी होते, पिल्लांचा आहार होत नाही. आपला कोकणपट्टा भाताचा. पिल्लांना उरलेला भात आणि कणी घालण्याची आपली सवय जुनी आहे. या सवयीबद्दल जगाच्या इतिहासात एक मोठा धडा लिहिला गेला आहे, आणि तो कोंबड्यांनीच लिहून दिला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जावा बेटावर ख्रिस्तिआन आइकमान नावाचे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध घेत होते. सैनिकांचे हातपाय लुळे पडत होते आणि कारण सापडत नव्हते. 1890 च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्याच अचानक लुळ्या पडू लागल्या, आणि काही महिन्यांनी तितक्याच अचानक बऱ्या झाल्या. चौकशी करता कळले की, मधल्या काळात त्या कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा, म्हणजे कोंडा पूर्ण काढलेल्या तांदळाचा, उरलेला भात मिळत असे. पुढे नवा स्वयंपाकी आला. लष्करी तांदळाचा भात मुलकी कोंबड्यांना कशाला, असे म्हणून त्याने तो बंद केला आणि कोंबड्या बऱ्या झाल्या. तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे, हे या कोंबड्यांमुळे उघड झाले. पुढे त्याला आपण ब जीवनसत्त्व म्हणू लागलो आणि आइकमान यांना 1929 सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. एका कंजूस स्वयंपाक्याने वैद्यकशास्त्राला केलेली ही मदत आपल्या अंगणात विसरली जाऊ नये. पांढऱ्या भातावर पिल्ले पोसता येत नाहीत, मग तो भात ताजा असो, शिळा असो वा आंबवलेला असो.

म्हणून पहिला नियम असा. आंबवायला घ्यायचे ते पिल्लांचे पुरे खाद्य, म्हणजे ज्यात सुमारे 20 टक्के प्रथिने, शिवाय क्षार आणि जीवनसत्त्वे आहेत असा पिल्लांचा भरडा. तो बाजारात मिळतो. अंड्यावरच्या मोठ्या कोंबड्यांचे खाद्य पिल्लांना घालू नये. त्यात टरफलासाठी घातलेला चुना पिल्लाला लागतो त्याच्या तिप्पट-चौपट असतो आणि तो त्याच्या मूत्रपिंडांवर बसतो. घरची कणी, गिरणीचा ताजा कोंडा, थोडी सुकट यांची भर घालायला हरकत नाही, पण भर ही भरच राहावी. मूळ भरड्याच्या चवथाईपेक्षा ती जास्त होऊ नये. कोंडा ताजाच हवा, कारण त्यातले तेल थोड्याच दिवसांत खवट होते. सुकट घालायची तर बिनमिठाची. आपण मिठागरांच्या काठी राहतो, मिठाची आपल्याला किंमत वाटत नाही. पण पिल्लाला जास्त मीठ म्हणजे विष. खारवलेली मासळी, लोणच्याचा खार, वरणातली फोडणी यांपैकी काहीही पिल्लांच्या भांड्यात जाऊ नये.

आता प्रत्यक्ष कृती. बारा पिल्ले आहेत असे धरू. पहिल्या आठवड्यात पिल्लाला दिवसाला अदमासे 10 ग्रॅम कोरडे खाद्य लागते, म्हणजे बारांना 120 ग्रॅम. आम्ही असे सुचवतो की, निम्मे आंबवून द्यावे आणि निम्मे कोरडेच ठेवावे. म्हणजे आंबवण्यासाठी 60 ग्रॅम भरडा आणि त्याच्या दीडपट, म्हणजे 90 ग्रॅम पाणी. एकूण 150 ग्रॅम आंबोण. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ओल्या 100 ग्रॅममध्ये खरे खाद्य 40 ग्रॅमच असते, उरलेले 60 पाणी. पिल्लांनी वाटीभर फस्त केले म्हणून पोट भरले असे समजणारा पिल्लांना नकळत उपाशी ठेवतो. माप नेहमी कोरड्या भरड्याचे धरावे.

भांडे काचेचे किंवा चिनी मातीची बरणी असावी. लोणच्याची जुनी बरणी उत्तम. तांब्या-पितळेचे भांडे नको, कारण आंबट पदार्थ धातूला खातो आणि तो धातू पिल्लाच्या पोटात जातो. भांडे निम्मेच भरावे, आंबताना भरडा फुगून वर येतो. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते चांगल्या जंतूंनाही सोडीत नाही. म्हणून पाणी उकळून निववून घ्यावे. बोअरचे पाणी खारट असेल तर ते वापरू नये, आणि खाडीकाठच्या गावांत ते आधी जिभेवर ठेवून पाहावे.

भरडा आणि पाणी नीट कालवावे, कोरडी गुठळी राहू देऊ नये, आणि त्यात चमचाभर ताजे ताक मिसळावे. आपण म्हणतो, अमक्याच्या उत्साहावर विरजण पडले. पिल्लांच्या खाद्यावर मात्र विरजण वेळेवर पडलेले चांगले. पहिल्या काही तासांत, आंबटपणा यायच्या आधी, वाईट जंतूंनाही वाढायला संधी असते. विरजणाने ती मुदत तोकडी होते. दुसऱ्या दिवसापासून ताक लागत नाही. आदल्या बरणीतले चमचाभर आंबट पाणी नव्या बरणीत घातले की झाले. तोंडाला स्वच्छ फडके बांधावे, झाकण घट्ट लावू नये, कारण आत वायू तयार होतो. बरणी उन्हात नको, चुलीजवळ नको, सावलीत ठेवावी. सकाळ-संध्याकाळ कोरड्या स्वच्छ चमच्याने ढवळावे, आणि भरडा पाण्याबाहेर डोके काढीत असेल तर उकळून निववलेले थोडे पाणी घालून तो बुडवावा. बुरशी येते ती नेहमी बाहेर डोकावणाऱ्या भागावर.

चैत्र-वैशाखात आपल्याकडे 24 तासांत खाद्य तयार होते. पौष-माघात 36 ते 48 तास लागतात. घड्याळापेक्षा नाकावर विसंबावे. तयार आंबोणाला ताकासारखा, डोशाच्या पिठासारखा स्वच्छ आंबट वास येतो, वर बारीक बुडबुडे असतात. कुजका वास, दारूचा उग्र दर्प, गुलाबी, काळा वा हिरवा ठिपका, केसाळ साय, यांपैकी काहीही दिसले तर वरचा भाग काढून खालचा वापरू नये. बरणी सबंध रिकामी करावी, उकळत्या पाण्याने धुवावी, उन्हात ठेवावी आणि नव्याने सुरुवात करावी. साठ ग्रॅम भरड्याची किंमत बारा पिल्लांच्या किमतीपेक्षा केव्हाही कमी असते. आणि तीन दिवसांवरचे आंबोण कितीही चांगले वाटले तरी पिल्लांना घालू नये.

वाढण्याचे काम कृतीइतकेच महत्त्वाचे आहे. अंड्यातून निघालेल्या पिल्लाला पहिले चार दिवस बारीक कोरडा भरडा आणि स्वच्छ पाणीच द्यावे. त्याचे पोट अजून चालायला शिकत असते. पाचव्या दिवशी चिमूटभर आंबोण कोरड्या भरड्यावर पसरावे आणि तीन-चार दिवसांत निम्म्या मापावर यावे. वाढण्यापूर्वी आंबोण फडक्यातून निथळून घ्यावे. मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण बोटांतून पाणी गळू नये, आणि सोडले तर गोळा फुटावा. पातळ लापशी कधीही वाढू नये. पिल्ले तीत पाय घालतात, पिसे भिजतात, आणि भिजलेले पिल्लू थंडीने मरते. पहिल्या आठवड्यात पिल्लाला 35 अंशांची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंश कमी. एवढ्या उबेचा जीव ओला झाला तर आंबोणातले सारे गुण त्याला वाचवू शकत नाहीत.

भांडे लांबट, उथळ आणि अरुंद असावे, सगळ्यांना एका वेळी चोच घालता यावी, पण आत उभे राहता येऊ नये. फाटलेली बांबूची पन्हळ यासाठी छान. सगळ्यांना एकाच वेळी जागा मिळाली म्हणजे दांडगी पिल्ले दुबळ्यांना टोचीत नाहीत. सकाळच्या गारव्यात वाढावे, पिल्लांनी तासाभरात संपवावे इतकेच वाढावे, आणि उरलेले उचलून टाकावे. दुपारच्या उन्हात तेच खाद्य माश्यांचे अन्न होते. भांडे रोज घासून उन्हात पालथे घालावे. पाण्याचे भांडे वेगळे आणि नेहमी भरलेले असावे. खाद्य ओले आहे म्हणून पाणी कमी लागेल, असा हिशेब करू नये.

आणि जमिनीकडे लक्ष ठेवावे. खुराड्यात भाताचे तूस अंथरतात ते कोरडे राहिले पाहिजे. ओल्या खाद्याने सांडलवंड झाली, विष्ठा पातळ झाली, तूस भिजले, की रक्ती हगवणीच्या परोपजीवींना हवा तसा बिछाना मिळतो. ओल आणि ऊब मिळाली तर विष्ठेतून पडलेली त्यांची अंडी एक-दोन दिवसांत पिल्लाला बाधणारी होतात. पावसाळ्यात, जेव्हा आपल्या भिंतीसुद्धा सुकत नाहीत, तेव्हा आंबोण बंद ठेवून कोरडा भरडाच द्यावा असे आमचे मत आहे. चांगली गोष्ट कोणत्या ऋतूत करू नये हे जाणणे, हाही ती करता येण्याचाच भाग आहे. अति तेथे माती, आणि पावसाळ्यात तर चिखल.

आता ज्या दोन समजुतींनी खरे नुकसान होते त्यांच्याकडे वळतो. पहिली समजूत अशी, की खाद्याला बुरसट वास आला तर ते आंबवून घ्यावे, म्हणजे दोष जातो. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची एक लाखाहून अधिक पिल्ले अनाकलनीय रोगाने मेली. शोध घेता असे निघाले की, ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीचे विष, ज्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले, पिल्लांच्या यकृतात भिनले होते. हे विष उकळून जात नाही आणि आंबवण्याच्या भरवशावर तर त्याला मुळीच सोडू नये. बुरसटलेली पेंड, काळवंडलेला मका, गाठी झालेला भरडा हे पिल्लांना घालायचे नाही, एवढाच त्यावर उपाय. स्वस्तात मिळालेले भिजके पोते हे स्वस्त नसते. खाद्य कोठाराच्या जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावे. आपल्या दमट हवेत एवढ्या काळजीला पर्याय नाही.

दुसरी समजूत लशीबद्दलची. कोंबड्यांच्या ज्या रोगाला आपल्याकडे मानमोडी म्हणतात, तो जगात न्यूकॅसलच्या नावाने आणि आपल्या देशात कुमाऊँमधल्या राणीखेतच्या नावाने ओळखला जातो. 1920 च्या दशकाच्या अखेरीस तिथे तो नोंदला गेला. हा विषाणूचा रोग आहे. तो श्वासातून पसरतो, चपलांना लागून येतो, बाजारातून आणलेल्या एका कोंबडीबरोबर येतो, आणि आला की खुराडे मोकळे करून जातो. आंबट खाद्य पोटातल्या काही जंतूंना अटकाव करते, हे आम्ही वर सांगितलेच; पण श्वासावाटे येणाऱ्या विषाणूला पोटातला आंबटपणा काय अडवणार? त्यासाठी पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात घालायचा लशीचा थेंब, दुसऱ्या आठवड्यात गंबोरोची लस आणि दोन महिन्यांच्या सुमारास पुन्हा मानमोडीचे टोचण, हा क्रम पशुवैद्याला विचारून पाळावा. लस कधीही आंबोणात मिसळू नये. तसेच बाजारच्या भरड्यात औषध मिसळलेले असेल, तर तो आंबवावा की नाही हेही पशुवैद्यालाच विचारावे. ही विचारपूस आपल्याला दूर नाही. मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 सालचे, आणि डोंगराच्या पलीकडे आरे वसाहतीत केंद्र सरकारने कोंबड्यांच्या पैदाशीचे क्षेत्र उभारले ते अशाच लहान पाळणाऱ्यांसाठी.

ज्यांना पिल्ले विकत घ्यायची आहेत त्यांनी ती अशा ठिकाणाहून, लस दिलेली घ्यावीत. रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले मिळतात, मुले हट्ट धरतात. ती बहुधा अंड्यांच्या व्यवसायाने टाकून दिलेली नर पिल्ले असतात. उन्हातान्हात, उबेवाचून, पाण्यावाचून दोन दिवस फिरलेल्या त्या जिवाला कोणतेही आंबोण तारीत नाही. मुलाला त्या दिवशी पिल्लू न देणे हीच दया.

बर्ड फ्लूचाही उल्लेख केला पाहिजे. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला तो आला तेव्हा आपल्याला ते गाव दूरचे वाटले. 2022 साली आपल्याच ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला तो आला. आपल्या खाडीवर रानपक्षी उतरतात. म्हणून पिल्लांचे खाद्य आणि पाणी उघड्यावर रानपक्ष्यांबरोबर वाटून खाल्ले जाईल असे ठेवू नये, आणि एकाएकी अनेक पक्षी मेले तर ते खाडीत वा कचऱ्यात न टाकता सरकारी दवाखान्यात कळवावे. शेजाऱ्यांच्या इमारतीला वास गेला तर तक्रार होते, आणि ती रास्तच असते. चांगल्या आंबोणाला ताकाचा वास येतो. ज्याचा वास भिंतीपलीकडे जातो ते आंबोण नव्हे, ते घाण आहे. पिल्लांना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि मुलांना त्यांचे मुके घेऊ देऊ नयेत, हेही जाता जाता सांगून ठेवतो.

एवढे सगळे ऐकल्यावर कोणी विचारील, मग या खटाटोपाचे फळ काय? फळ बेताचे आहे, आणि ते बेताचे आहे हे सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. खाद्याची थोडी नासाडी वाचते, पोटाचे काही विकार कमी होतात, पिल्ले आवडीने खातात, कोंड्यातले काही अधिक अंगी लागते. पण आमच्या मते सर्वांत मोठा लाभ बरणीत नसून बरणीपाशी जाण्यात आहे. जी बाई रोज दोन वेळा बरणी ढवळते, भरडा मापते, भांडे घासते, तूस चाचपते, तिच्या डोळ्यांतून पंख पाडून बसलेले पिल्लू सुटत नाही. मूठभर कणी फेकून पाठ वळवणाऱ्याला ते संध्याकाळी मेलेले सापडते. आंबोण पिल्लांना जितके राखते तितकेच पाळणाऱ्याचे लक्षही राखते.

आमच्या शब्दावर मात्र कोणी जाऊ नये. बारा पिल्ले असतील तर सहांच्या पायात रंगीत दोरा सैल बांधावा आणि ती वेगळी ठेवून त्यांना आंबोण घालावे, सहांना तोच भरडा तितक्याच मापाचा कोरडा. दर रविवारी भाजीच्या तराजूवर दोन्ही गट तोलावेत, किती खाल्ले, किती मेली, किती हगवणीने आजारी पडली ते मुलाच्या जुन्या वहीत लिहावे. आठ आठवड्यांनी वही आपोआप बोलेल. एका घरची वही थोडेच सांगते, हे खरे. पण गावातल्या दहा घरांच्या वह्या एका ओटीवर उघडल्या, तर काशीगावच्या हवेत, काशीगावच्या पाण्यावर काय मानवते याचे उत्तर काशीगावचेच असेल. त्या वह्या भरण्याचे काम आता श्रोत्यांकडे सोपवतो आणि आपली रजा घेतो.